बत्तीशी

कळव्याहून घोडबंदरच्या बेकऱ्यांना
अकरा वर्षं अंडी पोचवली मी.
म्हणून देवस्थळी सरांनी मला धरलं.
म्हणाले, सायकली नेणारे पुष्कळ आहेत, नानू,
न फोडता नेणारा पाहिजे.

आता शर्यतीच्या रात्री अडीचला
कोलशेतच्या नाक्यावर माझी ईको उभी,
मागच्या सीटा काढलेल्या,
आणि ही पोरं दिव्याखाली ग्रॅमवरून भांडतात,
सोनारही भांडणार नाही असं.
सबनीसांच्या निनादने कार्बनचा सीटपोस्ट घेतला,
एकशे दहा ग्रॅम वाचले.
मी मनात हिशेब केला : दोन अंडी.
झुबेरची चाकं पन्नास मिलीमीटर खोल,
खाडीपुलावर वारा सुटला की
सायकल पतंगासारखी ओढ घेते म्हणे.
तरी तीच हवीत. वाजतात छान.

हर्षला गायकर, बाळकुमची.
सायकल ॲल्युमिनियमची, रंग दोनदा दिलेला.
वर्षभर पैसे साठवून तिने एकच वस्तू घेतली,
मागची कॅसेट,
जिची सगळ्यात मोठी चकती बत्तीस दात्यांची.
घाटात शेवटी तीच लागते, म्हणाली,
बाकीचं पाय बघून घेतात.

अंडं धक्क्याने फुटत नाही.
अंडं शेजाऱ्याने फुटतं.
हे मला कोणी शिकवलं नाही,
फुटलेल्यांनी शिकवलं.
म्हणून दर दोन सायकलींमधे
मी पुठ्ठ्याचे जुने ट्रे खोचतो,
पुढची चाकं गोधडीत,
साखळीची बाजू वर,
सीटच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण.

त्या रात्री ट्रे कमी पडले.
चार महागड्या सायकलींना पुरले.
पाचवी हर्षलाची, दाराला टेकवून,
कारण ती काही बोलणार नव्हती.
झुबेर म्हणाला, नानू, आज एक तरी अंडं फुटणार!
सगळे हसले.
मीही.

साकेतचा पूल, खारेगाव, पडघा.
शहापूरच्या अलीकडे एक खड्डा, तो चुकवला,
त्याच्या पाठी लपलेला दुसरा
नाही चुकला.
झुबेरची बत्तीशी वठली.

कसाऱ्याखाली, अजून उजाडायचं होतं,
सरांनी तिचं मागचं चाक उचलून फिरवलं.
गिअर ज्याला लटकतो तो मऊ धातूचा कान,
हँगर, बोटाएवढा,
आत वाकलेला.
मोठ्या चकतीवर टाकलं तर गिअर तारांत जाणार.
दुसरा आणणार कुठून पहाटे साडेपाचला?
सरांनी एक बारीकसा स्क्रू आवळला.
बत्तीस बंद, म्हणाले. अठ्ठावीसवर चढ.
तिने मान हलवली,
टायर अंगठ्याने दाबून पाहिला
आणि बाटल्या भरायला गेली.
माझ्याकडे पाहिलंही नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घाटाच्या वरच्या वळणावर मी उभा.
निनाद गेला. झुबेर गेला, वाजत.
बऱ्याच वेळाने ती,
पेडलवर उभी, मान खाली,
आणि सवयीने बोट पुन्हापुन्हा खटक्यावर जाणारं.
खटका दाबला जायचा.
पुढे काही व्हायचं नाही.

बाविसावी.

परतताना तिची सायकल मी पहिली चढवली,
मधोमध, दोन्ही अंगांना सगळेच्या सगळे ट्रे.
निनादची टपावर बांधली. तो कुरकुरला.
ती म्हणाली, आता कशाला, नानू?
मी दोरीला आणखी एक गाठ मारली.
वाकलेला तो कान मात्र
सरांनी काढला तेव्हा मागून घेतला.

मंगळवारी पाचपाखाडीतल्या दुकानात गेलो.
पोरगा म्हणाला, काका, याचे शंभर प्रकार येतात,
सायकल कुठली?
नाव मला सांगता येईना.
रंग दोनदा दिलेली, म्हणणार होतो.
मग खिशातला काढून काचेवर ठेवला.
हा.
असे दोन द्या.